साहित्याचा वर्ग आणि अध्ययनाच्या पसंतीचा प्रश्न
(गडमुडशिंगी परिसराच्या संदर्भात)

मराठी साहित्याच्या वर्गात एकच कविता, एकाच तासिकेत, एकाच शिक्षकाकडून शिकवली जाते. परंतु ती सर्व विद्यार्थ्यांपर्यंत एकाच वाटेने पोहोचत नाही. काही जण शिक्षकाचे वाचन ऐकता ऐकताच कवितेशी समरस होतात. काहींना छापील पान समोर आल्यावाचून अर्थाचा धागा सापडत नाही. काही जण नाटकातला संवाद स्वतःच्या तोंडी आल्यावरच खुलतात. कनिष्ठ महाविद्यालयापासून पदव्युत्तर वर्गापर्यंत शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हा अनुभव नवा नाही. याच अनुभवाच्या आधारे शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात एक सूत्र रूढ झाले आहे. विद्यार्थी 'श्राव्य', 'दृक्' अथवा 'कृतिशील' अशा प्रकारांचे असतात, आणि ज्याच्या त्याच्या प्रकाराशी जुळणारे अध्यापन केले असता अध्ययन अधिक परिणामकारक होते, असे हे सूत्र सांगते.

या सूत्राचे पहिले विधान अनुभवाला धरून आहे. दुसरे मात्र तपासून पाहावे लागते. साहित्याच्या अध्यापनाच्या दृष्टीने ही तपासणी करणे आणि गडमुडशिंगीसारख्या गावातून कोल्हापूरच्या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून काही व्यवहार्य दिशा सुचविणे, एवढा प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे.

१. अध्ययनशैली : संकल्पना आणि पुरावा

'अध्ययनशैली' ही संज्ञा वरवर सोपी वाटली, तरी तिच्या पोटात परस्परांहून भिन्न अशा अनेक कल्पना एकत्र आल्या आहेत. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधिष्ठित अध्ययनाचे चक्र मांडले. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग व कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये दृक्, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशा चार पसंती मानणारी पद्धती पुढे ठेवली. विद्यार्थ्याला स्वतःच्या अभ्यासपद्धतीविषयी विचार करण्याचे निमित्त मिळावे, ही तिच्यामागील भूमिका होती. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ मधील बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्तही पुष्कळदा याच रांगेत बसवला जातो. वस्तुतः बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गार्डनर यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये या क्षेत्राचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना अध्ययनशैलींची ७१ प्रतिमाने आढळली. त्यांतील प्रमुख १३ प्रतिमानांची त्यांनी बारकाईने छाननी केली आणि अनेकांच्या विश्वसनीयतेविषयी शंका व्यक्त केली.

याहून मूलगामी प्रश्न हॅरॉल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनिएल, डग रोहरर व रॉबर्ट बिऑर्क यांनी २००८ मध्ये उपस्थित केला. शैलीनुरूप अध्यापन लाभदायक ठरते असे म्हणावयाचे, तर त्यासाठी कोणत्या स्वरूपाचा पुरावा लागेल? समजा, एका वर्गातील विद्यार्थ्यांची 'श्राव्य' व 'दृक्' अशी विभागणी केली. मग प्रत्येक गटातील निम्म्यांना ऐकवून व निम्म्यांना दाखवून तोच पाठ शिकवावा लागेल आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी लागेल. ऐकून शिकलेले श्राव्य विद्यार्थी पाहून शिकलेल्या श्राव्य विद्यार्थ्यांहून सरस ठरले आणि दृक् विद्यार्थ्यांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले, तरच सूत्र सिद्ध होईल. या कसोटीला उतरणारी संशोधने अत्यल्प असल्याचे आणि जी आहेत त्यांतील बहुतेकांचे निष्कर्ष सूत्राच्या विरोधात जात असल्याचे या अभ्यासकांना आढळले.

याचा अर्थ विद्यार्थ्यांमध्ये भेद नसतात, असा मुळीच नव्हे. येथे तीन गोष्टींची गल्लत टाळावयास हवी. एखाद्याला एखादी रीत आवडते, ही पसंती. एखाद्याला एखादी गोष्ट चांगली जमते, ही क्षमता. आणि एखाद्याजवळ विषयाचा आधीचा संस्कार असतो, ही पूर्वतयारी. वर्गात या तिन्हींचे भेद स्पष्ट दिसतात. परंतु पसंतीशी पाठ जुळवला की आकलन आपोआप वाढते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. आवडीची रीत आणि उपयोगाची रीत या नेहमी एकच असतात असेही नाही. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगांत, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या स्मरणाची अधिक खात्री वाटत होती. प्रत्यक्षात आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले ते पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या.

२. 'झोंबी'तील वर्ग

साहित्याच्या अध्यापनात या प्रश्नाचे स्वरूप कसे असते, हे पाहण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातच एक मोलाचा दस्तऐवज उपलब्ध आहे. कागल येथे जन्मलेल्या आनंद यादव यांचे 'झोंबी' हे आत्मचरित्र १९८७ मध्ये प्रकाशित झाले व १९९० मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेतीच्या कामाला जुंपलेल्या मुलाची शिक्षणासाठी चाललेली झुंज, या अंगाने या ग्रंथाची चर्चा पुष्कळ झाली आहे. कविता कशी शिकवली जाते आणि कशी शिकली जाते याचे चित्रण म्हणूनही तो वाचण्याजोगा आहे.

वडिलांनी शाळा बंद करून शेतावर राबवलेला आनंदा मध्यस्थीमुळे पुन्हा वर्गात येतो. गणितात त्याला वसंत पाटील या हुशार सोबत्याचा आधार मिळतो. त्याच्या वह्या-पुस्तकांचा नेटकेपणा आणि एकाग्र होऊन गणिते सोडवण्याची त्याची रीत आनंदा उचलतो. मराठीला मात्र सौंदलगेकर मास्तर येतात आणि कवितेचे दार उघडते. मास्तर कविता आधी चालीवर म्हणतात, मग हावभावांसह तिचा आशय उभा करतात. कवींच्या आठवणी सांगतात. ते स्वतःही कविता करतात. आनंदा जिवाचा कान करून ऐकतो. पुढे शेतात पाणी पाजताना किंवा गुरे राखताना त्याच कविता तो मोठ्याने म्हणतो, मास्तरांच्या हालचाली करून पाहतो, आणि कधी मास्तरांच्या चालीहून निराळी चालही लावून पाहतो. पूर्वी एकटेपणाने कंटाळणाऱ्या या मुलाला आता एकांत हवासा वाटू लागतो.

यानंतरचा टप्पा निर्णायक आहे. मास्तरांनी आपल्या दारातल्या मालतीच्या वेलावर कविता केली आहे. आनंदाने तो वेलही पाहिला आहे आणि ती कविताही. आपल्या अवतीभवतीच्या गोष्टींवर कविता होऊ शकते, हे त्याला तेव्हा उमगते. मग म्हशी राखताना तो ओळी जुळवू लागतो. कागद जवळ नसेल तेव्हा काटकीने म्हशीच्या पाठीवर किंवा खड्याने दगडावर त्या लिहून ठेवतो. जमलेली कविता मास्तरांना दाखवतो, आणि मास्तर त्याला भाषा, शुद्धलेखन, छंद व अलंकार यांच्याविषयी सांगत जातात. वाचावयास कवितासंग्रह देतात.

या विद्यार्थ्याला कोणत्या प्रकारात बसवावयाचे? पहिल्या टप्प्यावर तो 'श्राव्य' दिसतो, दुसऱ्यावर 'कृतिशील', वेल पाहताना 'दृक्' आणि शेवटी 'वाचन-लेखन' पसंत करणारा. पहिल्या टप्प्यावरच त्याची परीक्षा घेऊन त्याच्यावर 'श्राव्य' अशी मोहोर उमटवली असती आणि पुढील सर्व अध्यापन केवळ ऐकवण्यापुरते ठेवले असते, तर मराठी साहित्य एका लेखकाला मुकण्याचा संभव होता. सौंदलगेकर मास्तरांच्या वर्गात मुलांची वर्गवारी झालेली नव्हती. एकाच कवितेची अनेक अंगे त्यांनी सर्वांसमोर उलगडली, आणि ज्याचे पाऊल पुढे पडले त्याला पुढची पायरी दाखवली. कानाने सुरू झालेला प्रवास हाताशी आणि पुस्तकाशी येऊन पोहोचला, हे त्या अध्यापनाचे खरे यश होय.

एका आत्मचरित्रावरून सर्वसाधारण सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य करावयास हवे. तथापि पसंती ही व्यक्तीला जन्मतः चिकटलेली खूण नसून अध्ययनाच्या ओघात बदलत जाणारी अवस्था असू शकते, एवढे या साक्षीवरून निश्चितपणे दिसते.

३. गडमुडशिंगी परिसरातील विद्यार्थी : भेदांचे खरे स्वरूप

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील, कोल्हापूर शहराच्या पूर्वेकडील गाव. एकीकडे उजळाईवाडीचा विमानतळ, दुसरीकडे घाऊक कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर आणि जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, असा हा परिसर आहे. शेती, कारखाना आणि बाजारपेठ या तिन्हींची जीवनपद्धती येथे एकमेकींना खेटून उभी आहे. गांधीनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती असल्यामुळे बाजारात मराठीबरोबर सिंधी व हिंदीही कानी पडते. याच भागात वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधील निर्वासितांची छावणी होती आणि तेथील मुलांसाठी पोलिश भाषेतून शाळाही चालत. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांचा संबंध हा या मातीला नवा प्रश्न नव्हे.

अशा परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये जे भेद दिसतात, त्यांचे मूळ कान किंवा डोळा यांच्या पसंतीत शोधणे दिशाभूल करणारे ठरते. हे भेद मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला भेद भाषेचा. कोल्हापुरी बोलीत मुलीही स्वतःविषयी बोलताना 'मी गेलो', 'मी आलो' अशी रूपे सहज वापरतात. 'करालाय'सारखी क्रियारूपे येथे नित्याची आहेत. या घडणीतून आलेली विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेत 'मी वाचलो' असे लिहिते, तेव्हा तिच्या वाक्याखाली तांबडी रेघ येते. परंतु तिची बोली नियमबद्ध आहे, केवळ प्रमाणभाषेचा नियम निराळा आहे, हे तिला सांगितले जातेच असे नाही. वर्गात ती गप्प राहते आणि शिक्षकाला ती 'ऐकून शिकणारी' वाटू लागते. तिच्या मौनाचे कारण पसंती नसून संकोच आहे, हे लक्षात न घेता केलेले वर्गीकरण अन्यायाचे होईल.

दुसरा भेद पूर्वसंस्काराचा. ज्याच्या घरी हरिपाठ होतो किंवा गावच्या भजनी मंडळात ज्याचे वडील टाळ धरतात, त्याला अभंगाची लय शिकवावी लागत नाही. अभंगाचा तास सुरू होताच तो पुढे असतो. नवकवितेच्या तासाला मात्र तोच मागे पडतो. वृत्तपत्र व पुस्तके ज्या घरी नियमाने येतात, तेथील विद्यार्थ्याचे चित्र याच्या उलट दिसेल. विद्यार्थी तोच, वर्ग तोच. पाठ बदलताच त्याचा 'प्रकार' बदलतो. म्हणजेच येथे दिसणारा भेद शैलीचा नसून परिचयाचा आहे.

तिसरा भेद परिस्थितीचा. घरच्या गोठ्यातले किंवा शेतातले काम उरकून येणाऱ्या, दुकानात वा कारखान्यात अर्धवेळ राबणाऱ्या विद्यार्थ्याला शांतपणे वाचण्यासाठी जागा व वेळ नसतो. त्याचे 'ऐकणे पसंत करणे' हे पुष्कळदा वाचण्याची सवड नसण्याचे दुसरे नाव असते. या बाबतीत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड परिसरात चालविलेल्या कुरणशाळेचे उदाहरण मार्गदर्शक आहे. गुरे चारणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणावर नेण्यात आली. मुलांच्या शिकण्याच्या प्रकाराविषयी तेथे कोणताही तर्क बांधलेला नव्हता. बदलली ती जागा आणि वेळ. शिकण्याचा अधिकार तोच राहिला.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाचा प्रयोगही याच दिशेने पाहण्याजोगा आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या दीर्घ अनुभवानंतर त्यांनी मराठी माध्यमातील या प्राथमिक शाळेत मुलाचा अनुभव, त्याची भाषा आणि त्याची अभिव्यक्ती यांची सांगड घालण्यावर भर दिला. परिसर हा तेथे पाठ्यपुस्तकाइतकाच महत्त्वाचा ठरला. प्राथमिक शाळेतील प्रयोग महाविद्यालयात जसाच्या तसा आणता येत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या अनुभवापासून सुरुवात करून त्याला त्या पलीकडे नेणे, हे त्यामागील तत्त्व उच्च शिक्षणालाही लागू पडते.

४. संहितेचा स्वभाव

अध्यापनाची रीत विद्यार्थ्याच्या पसंतीवरून ठरवावयाची नाही, तर कशावरून ठरवावयाची? साहित्याच्या बाबतीत या प्रश्नाचे पहिले उत्तर संहितेच्या स्वभावात सापडते. मराठी साहित्याची परंपरा मौखिक, लिखित आणि प्रयोगरूप अशा तिन्ही प्रवाहांनी समृद्ध आहे, आणि प्रत्येक साहित्यप्रकार आपल्या ग्रहणाची विशिष्ट मागणी करतो.

जात्यावरची ओवी ही श्रमाच्या लयीतून जन्मली. तिचे छापील रूप वाचून तिचा आशय कळेल. पण दळणाच्या घरघरीशी बांधलेला तिचा उच्चार ऐकल्यावाचून तिची घडण कळणार नाही. ग्यी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या असून त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे. हे ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवावयाचे, ते श्राव्य विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी नव्हे. ओवी हा प्रकारच श्राव्य आहे, म्हणून ते सर्वांनी ऐकावयाचे. अभंगाचेही असेच. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अशा अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक साधलेले असते. हा नियम फळ्यावर लिहून दिल्याने पाठ होतो. टाळीच्या ठेक्यावर अभंग म्हणून, मग बोटांवर अक्षरे मोजून आणि शेवटी एखादा चरण स्वतः रचून पाहिल्याने तो समजतो.

याउलट कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर हे व्यवसायाने दृश्यसंकल्पनकार होते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अरुण कोलटकरच्या कविता' या संग्रहातील रचना केवळ ऐकून पुरेशी हाती लागत नाही. ओळ कोठे तुटते, विरामचिन्हाचा अभाव वाचकाला कोठे थांबवतो वा घसरवतो, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. येथे 'श्राव्य' विद्यार्थ्याचीही पानापासून सुटका नाही. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात माणसांची रांग हाच पडदा होतो आणि तीच रांग क्षणात समूहपात्र बनते. ही कल्पना रंगसूचना वाचून समजते, परंतु वर्गातील दहा विद्यार्थी पाठमोरे उभे राहून वळले की तिचा नाट्यार्थ प्रत्ययाला येतो.

काही संहिता दोन्ही बाजूंनी उघडतात. गडमुडशिंगीपासून फार दूर नसलेल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील (१९२६–१९९४) हे मराठी ग्रामीण कथेचे एक प्रमुख शिल्पकार. व्यंकटेश माडगूळकर व द. मा. मिरासदार यांच्यासह त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर लोकप्रिय केले. त्यांची कथा छापील पानावर एक असते आणि सांगितली जाताना दुसरी होते. त्या दोहोंतील अंतर हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, आणि या परिसरातील विद्यार्थ्याला त्या कथेतील बोली घरची असल्यामुळे एरवी मागे राहणारा विद्यार्थी येथे जाणकाराच्या भूमिकेत येतो.

५. चार तासिकांची एक योजना

वरील विवेचनाच्या आधारे शंकर पाटील यांची एखादी कथा शिकवण्याची योजना पुढीलप्रमाणे आखता येईल. ती मोठ्या वर्गातही राबवता यावी, अशा बेताने सुचविली आहे. तिच्यासाठी कोणतीही प्रश्नावली भरून घेण्याची वा विद्यार्थ्यांचे गट पाडण्याची आवश्यकता नाही.

पहिल्या तासिकेत पुस्तके मिटलेली असावीत. कथा शिक्षकाने, किंवा बोलीवर प्रभुत्व असलेल्या विद्यार्थ्याने, सांगितल्याप्रमाणे वाचावी. शेवट येण्यापूर्वी थांबून पुढे काय होईल, हे प्रत्येकाने दोन वाक्यांत लिहावे. लिहिण्याची ही सक्ती महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे हात वर न करणारेही कथेच्या विचारात सामील होतात.

दुसऱ्या तासिकेत तीच कथा मूकपणे वाचावयाची. ऐकताना निसटलेले काय वाचनात सापडले आणि ऐकताना जाणवलेले काय छापील पानावर हरवले, याची टिपणे समासात करावयाची. कथनकाराचा उपरोध बहुधा सुराने कळलेला असतो. तो पानावर कोणत्या शब्दयोजनेतून येतो, हे शोधणे येथील मुख्य काम. वाचनाची गती मंद असलेल्यांना संपूर्ण कथेऐवजी दोन निवडक परिच्छेद द्यावेत. त्यांचे काम कमी करावयाचे नसून आरंभी त्याचा आवाका लहान करावयाचा आहे, आणि पुढील पाठांत तो क्रमाने वाढवत न्यावयाचा आहे.

तिसऱ्या तासिकेत एका संवादाचे प्रमाण मराठीत रूपांतर करावयाचे आणि दोन्ही रूपे वर्गात मोठ्याने म्हणून दाखवावयाची. रूपांतरात पात्राचे वय, सामाजिक स्थान, राग किंवा लाघव यांपैकी काय उणावले, याची चर्चा व्हावी. घरी सिंधी, हिंदी वा कन्नड बोलणाऱ्या विद्यार्थ्याने तोच संवाद आपल्या भाषेत आणून पाहावा. बोलीची नियमबद्धता व प्रमाणभाषेचे प्रयोजन या दोन्ही गोष्टी येथे उपदेशावाचून स्पष्ट होतात. 'मी गेलो' म्हणणाऱ्या विद्यार्थिनीला आपल्या उच्चाराची लाज वाटण्याचे कारण उरत नाही, आणि उत्तरपत्रिकेत 'मी गेले' का लिहावयाचे, हेही तिला नेमके कळते.

चौथ्या तासिकेत पुस्तक व टिपणे बाजूला ठेवून कथेच्या रचनेविषयी एका प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने एकट्याने लिहावे. त्यानंतर पुस्तक उघडून स्वतःच आपले उत्तर तपासावे. स्मरणातून लिहिण्याचा लाभ वर उल्लेखिलेल्या २००६ च्या प्रयोगांतून दिसला आहेच; साहित्याच्या अभ्यासात त्याचा आणखी एक फायदा असा, की मार्गदर्शिकेतील तयार वाक्यांऐवजी विद्यार्थ्याचे स्वतःचे वाक्य कागदावर येते.

या चार तासिकांत ऐकणे, पाहणे, बोलणे, करणे, वाचणे व लिहिणे हे सारे आले. परंतु ते निरनिराळ्या विद्यार्थ्यांना वाटून दिलेले नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीच्या रीतीने कथेत प्रवेश करतो आणि अवघड वाटणाऱ्या रीतीपर्यंत पोहोचतो.

६. वर्गीकरणाचा धोका आणि त्याची सीमा

शैलीनुरूप अध्यापनाच्या बाजूने एक आक्षेप घेतला जाईल. निरनिराळ्या रीती वापरल्यावर वर्ग खुलतो, असा शिक्षकांचा अनुभव आहे. मग सूत्र चुकीचे कसे म्हणावयाचे? अनुभव खरा आहे, त्याचे स्पष्टीकरण मात्र वेगळे आहे. रीतींच्या विविधतेचा लाभ सर्वांनाच होतो. एकच आशय शब्दांतून व दृश्यांतून, श्रवणातून व कृतीतून भेटला, की स्मरणाच्या व आकलनाच्या अधिक वाटा तयार होतात. त्यासाठी विद्यार्थ्याच्या कपाळी प्रकाराचे नाव लिहिण्याची गरज नसते.

असे नाव लिहिण्यात महाराष्ट्राच्या संदर्भात एक खास धोका आहे. या समाजात ऐकणारे कोण आणि वाचणारे कोण, याची विभागणी शतकानुशतके जन्मावरून झालेली होती. पोथी वाचावयाची एकाने आणि पुराण ऐकावयाचे इतरांनी, ही व्यवस्था बहुजनांच्या व स्त्रियांच्या वाट्याला श्रवण तेवढे ठेवत असे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी खेड्यातील मुलांना मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे अशी मागणी केली. अभ्यासक्रम त्यांच्या जीवनाशी जुळावा, हा आग्रह तेथे आहे. पण त्यातून अक्षर वगळलेले नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, ते याच अक्षरासाठी.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यांची गाणी मुखातून आली, इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या प्रतिभेच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, ही त्यांची 'पसंती' म्हणता येणार नाही. ती परिस्थितीने लादलेली मर्यादा होती. आज पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला 'हा ऐकून शिकणारा आहे' असे सहानुभूतीने म्हणत त्याच्यावरील वाचनाचा भार हलका केला, तर जुनीच विभागणी नव्या परिभाषेत परत येते. ती आता जन्माचे नाव घेत नाही, चाचणीचे घेते. परिणाम मात्र तोच होतो.

या विवेचनाला एक महत्त्वाची सीमा आहे. दृष्टिहीन वा श्रवणबाधित विद्यार्थ्यांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रित पुस्तक, खुणांची भाषा किंवा लेखनिक यांची सोय करणे ही पसंतीची बाब नव्हे. तो त्यांचा हक्क असून दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने त्याला आधार दिला आहे. वाचनात विशिष्ट अडचणी असणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू होते. शैलींविषयीच्या शंकेचा उपयोग अशा सोयी नाकारण्यासाठी करणे हा तिचा विपर्यास ठरेल.

७. समारोप

अध्ययनाच्या पसंतीविषयीच्या चर्चेने एक गोष्ट निश्चित साधली. वर्गात एकसुरी व्याख्यान पुरेसे नाही, याची जाणीव तिने शिक्षकांना करून दिली. त्या जाणिवेचे ऋण मान्य करूनही तिच्या पोटातील वर्गीकरण बाजूला ठेवता येते. पसंती हा साहित्यकृतीत शिरण्याचा उंबरठा आहे. तेथेच विद्यार्थ्याला बसवून ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून साहित्याच्या शिक्षकाने नवा पाठ हाती घेताना तीन प्रश्नांचा विचार करावा. ही संहिता कोणत्या प्रकारच्या ग्रहणाची मागणी करते? या वर्गातील विद्यार्थ्यांजवळ तिच्यासाठी भाषेची व संस्काराची कोणती पूर्वतयारी आधीच आहे, आणि कोणती नाही? ज्याला जे आज अवघड आहे, तेथपर्यंत त्याला पोहोचवण्यासाठी कोणत्या पायऱ्या लागतील? गडमुडशिंगीहून कोल्हापूरच्या वर्गात येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला या प्रश्नांच्या उत्तरांतून जो पाठ मिळेल, त्यात त्यांच्या बोलीला स्थान असेल, त्यांच्या कानावरच्या अभंगाला प्रतिष्ठा असेल आणि छापील पानावरचा त्यांचा हक्कही अबाधित राहील.